जागा पाहून आपण विश्वास का ठेवतो?

सप्टेंबर २०२४ मध्ये छत्तीसगडच्या सक्ती जिल्ह्यात, छपोरा नावाच्या गावात एक बँक सुरू झाली. भाड्याचा गाळा, नवं फर्निचर, काउंटर, संगणक आणि बाहेर स्टेट बँकेची पाटी. आत बसलेली तरुण मुलं आपल्याला बँकेत नोकरी लागली असं समजून रोज वेळेवर येत होती. त्या नोकरीसाठी त्यांच्याकडून लाखो रुपये उकळले होते. गावातली माणसं खातं उघडायच्या चौकशीला येऊ लागली. आणि ही शाखा सपशेल बनावट होती. एका गावकऱ्याला संशय आला, त्याने जवळच्या खऱ्या शाखेत जाऊन सांगितलं आणि दहाएक दिवसांत सगळं उघडकीला आलं. त्याला खटकलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे पाटीवर शाखेचा कोड नव्हता.

फसवणारे हुशार होते हे खरंच. पण त्यांना गावकऱ्यांना बोलून पटवावं लागलं नाही. काउंटरने, पाटीने आणि खुर्च्यांनीच त्यांचं काम केलं. एखाद्या व्यवसायाची जागा माणसाच्या मनावर किती काम करते हे समजायला यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. मग प्रश्न असा की आपण जागेवर एवढा विश्वास का टाकतो, आणि तो टाकणं चूक आहे का? माझं मत असं की चूक अजिबात नाही. फक्त जागेत नेमकं काय बघायचं हे कळायला हवं. व्यवसाय करणाऱ्यालाही आणि ग्राहकालाही.

जे दिसत नाही ते विकताना

आंबे घेताना आपण वास घेतो, देठ बघतो, हळूच दाबून पाहतो. वकिलाचा सल्ला, डॉक्टरचं निदान, सीएने भरलेलं रिटर्न, विम्याची पॉलिसी या गोष्टींचं काय करणार? त्या घेण्याआधी हातात धरता येत नाहीत. काही तर घेतल्यानंतरही पारखता येत नाहीत. ऑपरेशन झालं, टाके निघाले, माणूस घरी आला. पण आत डॉक्टरांनी काम किती सफाईने केलं, हे पेशंटला कळायला काही मार्गच नसतो.

अशा वेळी मन पुरावा शोधतं, आणि डोळ्यांसमोर असते ती जागा. दवाखान्यातली चादर स्वच्छ आहे, म्हणजे आतली उपकरणंही नीट उकळलेली असणार. वकिलाच्या टेबलावर फायलींचा ढीग कोसळायला आलाय, म्हणजे आपली फाइलही त्यातच हरवणार. हे तर्कशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरत नाही, पण अगदीच निराधारही नाही. जो माणूस दिसणारी गोष्ट नीट ठेवतो, तो न दिसणारीही नीट ठेवत असेल, हा अंदाज बऱ्याचदा खरा ठरतो.

या विषयावर पद्धतशीर विचार व्हायला लागला तो गेल्या पन्नासेक वर्षांत. मार्केटिंगचे प्राध्यापक फिलिप कोटलर यांनी १९७३ मध्ये एका लेखात मांडलं की ग्राहक फक्त वस्तू विकत घेत नाही, ती जिथे विकली जाते तिथलं वातावरणही त्याच्या निर्णयात असतं, आणि कधी कधी वातावरणच वस्तूपेक्षा भारी पडतं. पुढे १९९२ मध्ये मेरी जो बिटनर या अमेरिकन संशोधिकेने जागेचे तीन पदर वेगळे करून दाखवले. पहिला हवेचा : उजेड, आवाज, वास, गारवा. दुसरा मांडणीचा : काउंटर कुठे, खुर्च्या कुठे, माणसाला कुठून कुठे जावं लागतं. तिसरा खुणांचा : पाट्या, प्रमाणपत्रं, देवाचा फोटो, भिंतीचा रंग. त्यांचा आणखी एक मुद्दा मात्र सहसा कुणी लक्षात घेत नाही. तीच जागा काम करणाऱ्यांवरही परिणाम करते. कोंदट, अंधाऱ्या खोलीत दिवसभर बसलेला कारकून दुपारी चारला ग्राहकाशी कसा बोलेल, याचं उत्तर त्याच्या स्वभावाइतकंच त्या खोलीतही असतं.

याच बिटनर बाईंचा १९९० मधला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. लोकांना एक प्रसंग वाचायला दिला. ट्रॅव्हल एजंटकडून तिकीट काढलं आणि नंतर कळलं की भाडं जास्त लागलं, स्वस्त तिकीट उपलब्ध होतं. काहींना सोबत एजंटच्या नीटनेटक्या ऑफिसचा फोटो दाखवला, काहींना पसरलेल्या ऑफिसचा. चूक तीच, माणूस तोच. पण पसरलेलं ऑफिस पाहिलेल्यांना वाटलं की अशी चूक इथे पुन्हा होणार. टापटीप ऑफिस पाहिलेल्यांना ती त्या मानाने एखाद्या वेळची वाटली.

म्हणजे जागेचा खरा उपयोग सगळं सुरळीत चाललेलं असताना होतो तितकाच, किंबहुना त्याहून जास्त, काहीतरी बिघडल्यावर होतो. चूक प्रत्येकाकडून होते. ती माफ करायची की गिऱ्हाइकाने कायमचं दुसरं दुकान धरायचं, हे ठरवताना टेबलावरचा पसारा साक्ष देतो. छोट्या व्यावसायिकांना मी हे आवर्जून सांगते, कारण आवराआवर हे त्यांना दिखाऊ काम वाटतं.

दगडी बँका

जुन्या बँकांच्या इमारती आठवा. जाड दगडी भिंती, उंच खांब, लोखंडी दारं. लंडनमध्ये बँक ऑफ इंग्लंडची इमारत वास्तुकार जॉन सोन यांनी १७८८ पासून तब्बल ४५ वर्षं घडवली, आणि तिच्या बाहेरच्या भिंतीला रस्त्याच्या बाजूने खिडक्याच ठेवल्या नाहीत. १७८० च्या दंगलीत जमावाने बँकेवर चाल केली होती, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात होतं. दंगल्यांना ती भिंत अडवणार होती, आणि ठेवीदाराला सांगणार होती की तुझा पैसा इथून हलत नाही.

हे सांगावं लागे, कारण बँक बुडाली तर पैसे परत मिळण्याची दुसरी कसलीच हमी नव्हती. आपल्याकडे १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक या दोन बँका कोसळल्या, ठेवीदार हवालदिल झाले आणि त्यानंतर ठेव विम्याचा कायदा आला. १ जानेवारी १९६२ पासून तो लागू झाला. तेव्हा संरक्षण होतं एका ठेवीदाराला १,५०० रुपयांचं. आज, फेब्रुवारी २०२० पासून, एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे.

आता बँकेची शाखा काचेची असते, एखाद्या सोसायटीच्या तळमजल्यावर, बाजूला केकचं दुकान. बांधकामाचा खर्च, शहरातल्या जागेचे भाव, बदललेली आवड ही कारणं त्यामागे आहेतच. पण दगडाने जी हमी द्यायची ती आता कायदा देतो, म्हणून काच चालते. विश्वासाचं ओझं जागेवरून कागदावर गेलं की जागेला हलकं होता येतं. छपोऱ्याच्या लोकांचं नेमकं हेच झालं. ओझं कागदावर गेलंय हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, ते अजून जागाच वाचत होते.

काटा कुणाकडे तोंड करून आहे?

महाराष्ट्रात या सगळ्या विषयाची खरी शाळा म्हणजे सराफाची पेढी. सोन्यातलं सामान्य माणसाला काही कळत नाही. बावीस कॅरेट आणि अठरा कॅरेट डोळ्यांनी ओळखणारी माणसं विरळा. व्यवहार मोठा, आणि बहुतेकदा घरातल्या बाईची आयुष्यभराची पुंजी त्यात. म्हणून पेढीची मांडणी पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाभोवतीच होत गेली.

जुन्या पेढीत भिंतीला तक्के, खाली गादी, गादीवर पांढरी स्वच्छ चादर. पांढऱ्या चादरीवर सांडलेला सोन्याचा मणी दोघांनाही लगेच दिसतो. सराफ आणि गिऱ्हाईक एकाच पातळीवर, मांडी घालून. मध्ये काचेच्या पेटीतला तराजू, वाऱ्याने पारडं हलू नये म्हणून. उघडा काटा असेल तर वजन करण्याआधी पंखा बंद करायचा. सराफाने हात लांब करून पंख्याचं बटण बंद केलं की समोर बसलेली बाई न सांगता समजते, हा माणूस गुंजभराचाही हिशेब ठेवणारा आहे.

आता इलेक्ट्रॉनिक काटे आले. तिथे बघायची गोष्ट लहानशी आहे. आकडा दिसणारी पट्टी फक्त दुकानदाराकडे तोंड करून आहे, की गिऱ्हाइकाच्या बाजूलाही आहे? चांगल्या दुकानात रिकाम्या पारड्यावर शून्य दिसेपर्यंत थांबतात, मग बांगडी ठेवतात, आकडा स्थिर होऊ देतात, तो मोठ्याने वाचतात आणि मगच पावतीवर लिहितात. चार-पाच सेकंदांचं काम. पण त्या सेकंदांत ग्राहक व्यवहारात सामील झालेला असतो, नुसता पैसे देणारा राहत नाही. शिवाय काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून पडताळणी झाल्याचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावणं नियमानेच बंधनकारक आहे. ते शोधा आणि त्यावरची तारीख वाचा.

विश्वास तुटतो तो मात्र एका ठरावीक जागी, मागच्या खोलीच्या दाराशी. जुनी पाटली मोडायला दिली की दुकानातला मुलगा ती आत घेऊन जातो. पडदा पडतो. पाच-सात मिनिटांनी तो बाहेर येऊन सांगतो, "ताई, घट जास्त आहे यात." कदाचित ते शंभर टक्के खरं असेल. सांधे जोडायला वापरलेला हलका धातू, मेण, खडे यांचं वजन जुन्या दागिन्यात असतंच. पण पडद्याआड जे झालं ते पटणं कठीण, आणि ती ताई पुढची वीस वर्षं हे चारचौघींत सांगत राहते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस तनिष्कने नेमकं याच दारावर बोट ठेवलं. त्यांनी दुकानात ‘कॅरटमीटर’ नावाचं यंत्र ठेवलं. क्ष-किरणांच्या मदतीने दागिना न तोडता, न वितळवता, त्यात सोनं किती हे काही मिनिटांत समोर दिसतं. बायका घरचे दागिने घेऊन आल्या आणि अनेकींना कळलं की आपण ज्याला बावीस कॅरेट समजत होतो ते तेवढं नाही. नव्या ब्रँडला शेकडो वर्षांच्या घराण्यांसमोर उभं राहायचं होतं. नावाची पुण्याई नव्हती, म्हणून मागच्या खोलीतलं काम पुढे आणून दाखवलं. जागेच्या मांडणीतून विश्वास मिळवल्याचं इतकं चोख उदाहरण भारतीय बाजारात दुसरं मला माहीत नाही. आता चांगल्या पेढ्यांतही अशी यंत्रं सर्रास दिसतात.

पुढे सरकारी नियमांनी हेच पक्कं केलं. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्किंग सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर टाकून स्वतः तपासता येतो. खूण इतकी बारीक असते की दुकानदाराने दहापट मोठं दाखवणारं भिंग ग्राहकासाठी ठेवायला हवं. ते भिंग मागून बघा. मागितल्यावर ते काउंटरवरूनच हसतमुखाने पुढे येतं की शोधाशोध सुरू होते, यावरून त्या दुकानाबद्दल बरंच कळतं.

दिसणारं स्वयंपाकघर

पुण्यातलं जुनं अमृततुल्य चहाचं दुकान अगदी याच तत्त्वावर उभं आहे. चहा करणारा दारातच बसतो. पितळी पातेलं, वेलची कुटायचा खलबत्ता, दूध, गाळायचं फडकं, सगळं रस्त्यावरून दिसतं. लपवायला जागाच नाही. अर्थात फडकं मळलेलं असेल तर तेही दिसतं, आणि हीच या मांडणीची ताकद आहे.

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात कॅफेटेरियात स्क्रीन लावून आचारी आणि जेवणारे यांना एकमेकांना बघायची सोय करून दिली. दोघंही एकमेकांना दिसत होते तेव्हा जेवणाऱ्यांचं समाधान चांगलंच वाढलं, आणि पदार्थ तयार व्हायला लागणारा वेळही कमी झाला. गंमत अशी की आचाऱ्यांना नुसते ग्राहक दिसले, तरी जेवण लोकांना जास्त आवडलं. आपण कुणासाठी करतोय ते दिसलं की हात वेगळा चालतो. उघडं स्वयंपाकघर म्हणजे ग्राहकाची करमणूक असं समजून काच लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. काच दोन्ही बाजूंनी काम करते.

दवाखान्यातली खुर्ची

दवाखान्यात मामला नाजूक होतो, कारण तिथे येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिक यांनी तपासल्या आणि १९८४ मध्ये निष्कर्ष मांडला. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान होता, अवघ्या ४६ रुग्णांचा, पण रुग्णालयं बांधणाऱ्यांच्या विचाराला त्याने वळण दिलं.

प्रत्येक दवाखान्याला झाड दाखवता येणार नाही, हे उघड आहे. पण आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत जे सहज सुधारता येईल आणि सुधारलं जात नाही, ते म्हणजे रिसेप्शनचं टेबल. पंधरा माणसं बसलेली असतात आणि टेबलामागून विचारलं जातं, "काय होतंय तुम्हाला?" मोठ्याने. विचारणारी मुलगी वाईट नसते, फोन सांभाळत, पंख्याच्या आवाजावर आवाज काढत ती काम करत असते. पण समोर उभी असलेली बाई सगळ्यांच्या देखत अंगावरून जातंय असं कसं सांगणार? ती म्हणते, "अशक्तपणा आहे." आत गेल्यावरही मग तोच शब्द कायम राहतो, कारण तपासणीची खोली आणि बाहेरची बाकं यांच्यामध्ये नुसता पडदा असतो. डॉक्टर कितीही निष्णात असू देत, त्यांच्यापर्यंत खरी तक्रारच पोचत नाही. टेबल चार पावलं बाजूला सरकवणं आणि पडद्याच्या जागी दार बसवणं, हा इथे उपचाराचाच भाग आहे. यावर मला कुणाचंही दुमत मान्य नाही.

वाट पाहण्याचंही तसंच. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलं. किती वेळ लागणार हे माहीत नसलं की वेळ लांबतो, आणि मागून आलेला पुढे गेला की तो असह्य होतो. भिंतीवर चालू नंबर दाखवणारी साधी पाटी या दोन्हींवर उपाय आहे. एसी नसलेला दवाखाना लोक सहन करतात. "मॅडमच्या ओळखीचे आहेत" म्हणून मधेच घुसलेला माणूस सहन करत नाहीत.

प्रमाणपत्रं भिंतीवर लावावीत का, असं अनेक तरुण डॉक्टर विचारतात. लावावीतच. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं तर डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच सांगितलं आहे. फक्त ती रुग्णाच्या नजरेच्या उंचीवर, वाचता येतील अशी असावीत. डॉक्टरांच्या डोक्यामागे, छताजवळ टांगलेली चौकट नुसती शोभेची होते.

झगमगाटाचा धोका

आता दुसरी बाजू. २०२४ मध्ये दादरसारख्या भरवस्तीत ‘टोरेस’ नावाची दागिन्यांची झगमगती शोरूम उघडली. पाठोपाठ मुंबई परिसरात आणखी शाखा. खडे विकत घ्या, दर आठवड्याला घसघशीत परतावा मिळवा, अशी योजना. मग पैसे येणं थांबलं, जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या दुकानासमोर गुंतवणूकदारांची गर्दी उसळली आणि तपास मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. भाजीविक्रेत्यांपासून नोकरदारांपर्यंत हजारो माणसांचे पैसे अडकले. एवढी मोठी शोरूम, एवढं भाडं भरतायत, म्हणजे पळून कशी जातील, हा विचार त्यांनी केला. जुन्या दगडी बँकेच्या बाबतीत तो बरोबर होता. भाड्याच्या जागेला आणि काही महिन्यांत उभ्या केलेल्या सजावटीला तो लागू पडत नाही.

फरक इथे आहे. संगमरवर, झुंबर, सुगंध, गणवेशातला दरवान या गोष्टी पैसे टाकले की कुणालाही मिळतात, त्या तपासता येत नाहीत. समोर तोंड केलेला काटा, तारीख असलेलं प्रमाणपत्र, नोंदणी क्रमांक, दरपत्रक, उघडं स्वयंपाकघर या गोष्टी ग्राहकाच्या हातात तपासणीचं साधन देतात. आधी दुसऱ्या प्रकारचं बघावं. ते असेल तर झुंबराचा आनंद खुशाल घ्यावा.

आणि झगमगाट नेहमी विश्वासच देतो असंही नाही. तालुक्याच्या गावात काचेच्या दाराच्या ऑफिसबाहेर चपला काढून, पिशवी छातीशी धरून उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. आतली फरशी इतकी चकाचक की पाय ठेवायला संकोच वाटावा. सोफ्यावर कुणी बसा म्हणत नाही. असा शेतकरी कर्जाच्या कागदावर सही करतो, पण अटी विचारत नाही. जागेने त्याला आधीच गप्प केलेलं असतं. सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी तरी आपली ऑफिसं नव्याने सजवताना या माणसाला डोळ्यांपुढे ठेवावं.

दहा बाय दहाच्या गाळ्यात व्यवसाय करणाऱ्याने मग पैसे कुठे घालावेत? मी क्रम असा लावेन. आधी उजेड आणि स्वच्छता. मग समोरच्या माणसाला स्वतःच्या खुर्चीइतक्याच उंचीची, पाठ टेकता येईल अशी खुर्ची. मग मराठीत, ठळक अक्षरांत लावलेले दर. मग कागदपत्रं ठेवायला कपाट, म्हणजे एका गिऱ्हाइकाची फाइल दुसऱ्याच्या नजरेला पडणार नाही. संगणकाचा पडदा असा फिरवलेला की फॉर्म भरताना दोघांना दिसेल. आणि बायका, म्हातारी माणसं बराच वेळ बसतात अशी जागा असेल, तर रंगकामाच्या आधी स्वच्छ, कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. प्रसूतिगृहात तपासणीला आलेल्या सात महिन्यांच्या गरोदर बाईला ते कुठे आहे हे विचारावं लागू नये, इतक्या स्पष्ट पाटीसह.